अस्वलाला गेलेला घास

वडिलांचं श्राद्ध तंबूत राहून करायचं, ही कल्पना माझी. माझ्या बऱ्याच कल्पनांसारखी तीही बोलताना फार सोपी वाटली होती.

झालं असं की व्हर्जिनियातल्या ब्लू रिज डोंगरातली कॅम्पिंगची जागा माझ्या मित्राने उन्हाळ्यातच बुक करून ठेवली होती. हा मित्र नागपूरचा, माझ्याच टीममध्ये काम करणारा. ऑक्टोबरात तिथल्या झाडांची पानं रंगायला लागतात आणि न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनपासून वॉशिंग्टनपर्यंतचे सगळे देशी लोक एकाच शनिवारी एकाच डोंगरावर जायचं ठरवतात, त्यामुळे जागा मिळणं हीच मोठी गोष्ट. नेमकी त्याच शनिवारी बाबांची तिथी आली. पितृपक्षातली, बाबा गेल्यानंतरची पहिलीच.

आईचा कराडहून फोन आला. "शनिवारी कावळ्याला घास ठेव. स्वतःच्या हाताने. आणि कावळा शिवला की लगेच मला सांग."

"आई, धाकटा ठेवतोय ना तिकडे गच्चीवर?"

"ते गच्चीवरचे कावळे रोजचेच आहेत. ते शेजाऱ्यांचंही खातात. ह्यांचा जीव तुझ्यात अडकलाय."

बाबा जानेवारीत गेले तेव्हा माझ्या व्हिसाची मुदतवाढ अडकलेली होती. अमेरिकेतून बाहेर पडलो असतो तर परत आत यायला मिळेल की नाही, ह्याची खात्री वकीलसुद्धा देत नव्हता. मी गेलो नाही. दहाव्याला धाकट्या भावाने कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि मला व्हिडिओ कॉलवर घेतलं. कावळे समोरच्या पिंपळावर बसलेले, पण एकही खाली येईना. मग सुरू झाली आश्वासनं. काकांनी सांगितलं, घराचं काम पुरं करू. भावाने सांगितलं, आईला काही कमी पडू देणार नाही. कावळे ढिम्म. कोणीतरी म्हणालं, "थोरल्याला बोलू दे." भावाने फोन उंच धरून पिंपळाकडे केला आणि मी एडिसनच्या अपार्टमेंटमधून जिवाच्या आकांताने ओरडलो, "बाबा, मी येतो! लवकरच येतो!" फोनचा आवाज त्याने पूर्ण वाढवून ठेवला होता. पिंपळावरचे सगळे कावळे एकदम उडाले ते परत आलेच नाहीत. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी पांगली.

शास्त्राच्या दृष्टीने विषय संपला होता. आईच्या दृष्टीने नाही. तेव्हापासून ती नीट झोपत नव्हती. पहाटे कधीतरी डोळा लागायचा आणि लगेच उघडायचा. भाऊ सांगायचा, रात्री उठून दाराची कडी काढून ठेवते.

म्हणजे काम एवढंच होतं. एका कावळ्याने एक घास खायचा आणि मी आईला तसं सांगायचं.

मी बायकोला म्हणालो, "एडिसनच्या पार्किंगमध्ये घास ठेवण्यापेक्षा डोंगरात ठेवला तर काय वाईट? तिथे ओढा आहे, झाडं आहेत. जवळजवळ घाटच."

"आणि अस्वलं आहेत," बायको म्हणाली.

"ती माणसांना घाबरतात."

"तुला कोण घाबरतं?"

पण बुकिंग वाया घालवणं तिच्याही जिवावर आलं होतं. शुक्रवारी आम्ही तिघं निघालो. मित्राचं कुटुंब भारतात गेलं होतं, म्हणून तो एकटाच. गाडीत तंबू, दोन बर्नरची शेगडी, तांदूळ, भिजवून वाटलेली डाळ, दूध, तूप, आणि ओक ट्री रोडवरच्या दुकानातून आणलेली गोठवलेली केळीची पानं.

कॅम्पग्राउंडच्या फाटकाशी पांढऱ्या केसांची, उंच बांध्याची एक बाई गोल्फ कार्टमध्ये बसली होती. तिथली देखरेख तिच्याकडे. तिने आम्हाला जागा दाखवली आणि मग नियम सांगितले. खाण्याचं काहीही बाहेर ठेवायचं नाही. तंबूत तर नाहीच नाही. वास येणारी प्रत्येक वस्तू, टूथपेस्टसुद्धा, गाडीत किंवा त्या लोखंडी पेटीत कुलूपबंद. ह्या वर्षी जंगलात ओकची फळं कमी धरलीत, अस्वलं भुकेली आहेत आणि थंडीआधी त्यांना चरबी साठवायची असते. "तुमचं सँडविच गेलं तर मला दुःख नाही," ती म्हणाली. "पण एकदा अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लागली की त्याचं काही खरं नाही."

मी मान डोलवली. मीटिंगमध्ये डोलवतो तशीच.

तंबू उभारायला आम्हाला संध्याकाळ लागली. सूचनांचा कागद मी आधीच टाकून दिला होता, कारण इंजिनियर माणसाला सूचना कशाला? पावसाचं वरचं कापड आम्ही उलटं लावलं. मित्र दोन पावलं मागे सरून म्हणाला, "काय बे, तंबू बनवून राहिला की मांडव? आता फक्त बँडवाले यायचे बाकी आहेत."

रात्री थोडा पाऊस झाला. उलट्या कापडावर साचलेलं पाणी थेंबथेंब माझ्याच कपाळावर पडत होतं. त्या बाजूला झोपायचा आग्रहही माझाच होता.

शनिवारी सकाळी धुकं इतकं दाट की ओढा ऐकू येत होता, दिसत नव्हता. मी त्याच्या पाण्यात आंघोळ केली. केली म्हणजे आत गेलो आणि ओरडत बाहेर आलो. मग स्वयंपाक. बायकोने शेगडीवर भात, वरण, खीर केली आणि शेवटी वडे तळायला घेतले. त्या ओल्या थंड हवेत तळणाचा वास वर जाईना, जमिनीलगत पसरत गेला. शेजारच्या तंबूतून एक गोरा माणूस बाहेर आला, नाक वर करून उभा राहिला आणि परत आत गेला.

मित्र म्हणाला, "यार, ह्या वासाने बाबाच काय, आजूबाजूच्या सगळ्यांचे बाबा येतील."

बायकोने झारा उगारला, पण हसली. मीही हसलो. त्या दिवसातलं ते आमचं शेवटचं हसणं.

दुपारी मी तंबूमागे, ओढ्याच्या वाटेवर, एका सपाट दगडावर केळीचं पान मांडलं. फोनमधल्या होकायंत्रावर दक्षिण शोधली. भात, वरण, तूप, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी, चार वडे, मध्ये खीर. तीळ आणि पाणी सोडलं, हात जोडले आणि बाजूला उभा राहिलो.

कावळे होते. ओकच्या झाडावर चांगले पाच-सहा. पण आपल्याकडच्यासारखे राखाडी मानेचे नव्हेत, नखशिखांत काळे आणि अंगाने मोठे. त्यांनी पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपसात काहीतरी बोलले.

"त्यांना माहीतच नाही काय करायचं ते," मी म्हणालो.

"त्यांना कसं माहीत असणार?" बायको म्हणाली. "तू बोल काहीतरी. बाबांशी बोल."

मी घसा साफ केला. "बाबा, आईची काळजी करू नका. दरवर्षी येईन."

कावळे गप्प.

"अबे, खोटं नको बोलू," मित्र मागून पुटपुटला. "म्हणूनच येत नाहीत ना ते. तुझ्या पासपोर्टवर व्हिसाचा स्टँप कुठे आहे?"

"बाबा, स्टँप मिळाला की येईन."

एक कावळा खालच्या फांदीवर आला. मी पुढे रेटलं. "ग्रीन कार्डाचीही वाट बघू नका. ते काही माझ्या हयातीत येत नाही. इथलं सगळं बरं चाललंय. तुम्ही जा आता. दार उघडं ठेवून आई रात्र रात्र बसते, बाबा. तुम्ही जेवा आणि जा."

हे मी असं बोलणार आहे, हे मलाही माहीत नव्हतं. बायकोने माझ्या पाठीवर हात ठेवला.

आणि त्या क्षणी रेतीवर चाकं करकरली. गोल्फ कार्ट. कावळा उडाला.

बाई उतरली आणि पानासमोर उभी राहिली. "हे काय आहे?"

"माझ्या वडिलांचं जेवण."

"कुठे आहेत ते?"

"ते वारले. जानेवारीत."

तिचा चेहरा जरा निवळला. टोपी काढून ती क्षणभर गप्प उभी राहिली. मग टोपी परत घालून म्हणाली, "मला वाईट वाटतं तुमच्यासाठी. पण हे उचला. आत्ता. माझ्यासमोर."

मी पान उचललं. पान दोन्ही हातांवर धरून मी तंबूभोवती एक चक्कर मारली आणि गाडीच्या डिकीपर्यंत गेलो. ती समाधानाने निघून गेली. तिची कार्ट वळणापलीकडे दिसेनाशी झाली, तसा मी परत फिरलो.

"ठेव ते गाडीत," बायको म्हणाली.

"अर्धाच तास. तो येतच होता. तू पाहिलंस ना? खालच्या फांदीवर आला होता."

"ती म्हणाली ते ऐकलंस ना?"

"मग आईला काय सांगू? गोल्फ कार्ट आली म्हणून?"

ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मी नंतर तिला म्हणालो. त्यानंतर ती दोन दिवस काहीच बोलली नाही.

मी पान झुडपांपलीकडे, रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी ठेवलं. कावळा माणसांना बुजतोय, तर आपणच जरा लांब जाऊ, असं ठरवून आम्ही ओढ्याच्या कडेने धबधब्यापर्यंत गेलो. उरलेले वडे एका डब्यात तंबूतच राहिले होते. ते कोणी तिथे ठेवले, ह्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. म्हणजे दोघांचं मत एकच आहे, मी फक्त ते कबूल करत नाही.

परत आलो तेव्हा झुडपांमागे काहीतरी काळं हलत होतं. एवढा मोठा कावळा कसा, असा विचार माझ्या डोक्यात खरोखर आला.

अस्वल मागच्या पायांवर बसकण मारून जेवत होतं. फार मोठं नव्हतं. मित्राला म्हशीएवढं दिसलं, पण मित्र घाबरला होता. मला ते नुकतंच वयात आलेलं वाटलं, पाय लांब, अंग अजून भरायचं होतं. कसलीही घाई नव्हती त्याला. भात संपवला, भाजी संपवली. आमसुलाच्या चटणीपाशी थबकलं, डोकं हलवलं आणि तीही खाल्ली. खीर चाटूनपुसून घेतली. मग केळीचं पानच तोंडात घेऊन चावत बसलं.

मी काय केलं? जे कोणीही करायला नको ते. हात जोडून पुढे झालो.

"अबे मरायचंय का?" मित्राने माझी कॉलर धरून मला मागे ओढलं. त्या शर्टाची कॉलर अजून तशीच लोंबतेय.

अस्वलाने आमच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ओळख नव्हती, काहीच नव्हतं. मग ते उठलं, सावकाश तंबूकडे गेलं आणि पुढच्या पंजाने तंबूची एक बाजू अशी फाडली की जणू आम्ही चेन उघडायची विसरलो होतो. आतला वड्यांचा डबा काढला, दगडावर आपटून उघडला, सगळे वडे खाल्ले आणि झाडीत शिरलं. आम्ही गाडीत बसून जोरजोरात हॉर्न वाजवत होतो. त्याने एकदाही वळून पाहिलं नाही.

हॉर्न ऐकून बाई आली. तिने फाटका तंबू पाहिला, डबा पाहिला, झुडपांमागच्या दगडावर चिकटलेली शितं पाहिली. मला वाटलं ओरडेल. ती कार्टमध्ये बसून राहिली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मग तिने वायरलेसवर वनखात्याच्या रेंजरला बोलावलं.

रेंजर तरुण होता आणि फार सभ्य होता. त्याने एकच विचारलं. "त्याला खायला मिळालं का?"

माझ्या तोंडातून 'नाही' बाहेर पडायच्या बेतात होतं. बायकोच म्हणाली, "मिळालं. दोनदा."

त्याने ते लिहून घेतलं. कानाला आधी पकडल्याची खूण होती का, आमच्यावर धावून आलं का, घाबरलं का, सगळं विचारलं. "घाबरलं नाही," मी मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागला. आम्हाला जागा सोडायला सांगितली. आम्ही सामान भरत असतानाच एका ट्रकमागे जोडलेला मोठ्या नळकांड्यासारखा लोखंडी पिंजरा आला. हे कशाला, असं मी विचारलं. रेंजर म्हणाला, "तो परत येईल म्हणून. त्याला आता माहीत झालंय." परत आला आणि माणसांच्या जवळ गेला तर काय करावं लागेल, तेही त्याने सांगितलं. आवाज न चढवता.

आम्ही डोंगर उतरलो. खाली गॅस स्टेशनपाशी फोनला रेंज आली. तिकडे मध्यरात्र कधीच उलटून गेली होती, पण आईने पहिल्याच रिंगला उचलला.

"शिवला का रे कावळा?"

मी ठरवलं होतं, 'शिवला' म्हणायचं आणि फोन ठेवायचा. तोंडातून निघालं, "कावळा नाही शिवला, आई. अस्वल आलं."

मग तिने विचारलं, "जेवलं का?"

"सगळं. पानसुद्धा खाल्लं. वर आणखी वडे खाऊन गेलं."

आणि आई हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदा मी तिला हसताना ऐकलं. "मग तेच आले रे. कावळ्यासारखं चोच मारून जायचं कुठे जमणार ह्यांना! चार वड्यांत भागलंय का कधी त्यांचं? मला कायम आत ओरडून सांगायचे, अजून आण." मग ती रडायला लागली आणि रडता रडताच म्हणाली, "पोटभर जेवले. तुझ्याकडे येऊन जेवले. आता मी झोपते."

मग ती सकाळी उशिरापर्यंत झोपली, असं भावाने कळवलं. दाराची कडी लावून. दुसऱ्या दिवशी गल्लीत, मग नातेवाइकांत बातमी गेली. थोरल्याकडे अमेरिकेत वडील अस्वलाच्या रूपाने येऊन जेवून गेले. मला लांबच्या मावशांचे फोन यायला लागले. एकीने विचारलं, बाबांसारखं उजव्या पायाने जरा लंगडत होतं का?

आठवड्याने मी ऑफिसमधून त्या कॅम्पग्राउंडला फोन केला. का केला, सांगता येत नाही. फोन त्याच बाईने घेतला. मी माझी ओळख दिली. मग तिने सांगितलं. पिंजऱ्यात ते गेलं नाही. दोन दिवसांनी भर दुपारी ते पलीकडच्या एका तंबूपाशी आलं. तिथे एक कुटुंब टेबलावर जेवत बसलं होतं. ते सरळ टेबलाशी गेलं. लोक ओरडले, भांडी वाजवली, ते हललं नाही. कोणाला काही इजा झाली नाही. संध्याकाळी त्याला शोधून गोळी घातली.

"तेच होतं?" मी विचारलं.

"तेच होतं," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायला नको होतं बहुतेक. पण तुम्ही विचारलंत."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भांडी घासत होती. तिने नळ बंद केला, पण वळली नाही. "आईंना सांगायचं नाही," ती म्हणाली. मित्राला सांगितलं तर तो नेहमीसारखं काहीतरी बोलेल अशी माझी अपेक्षा होती. तो फक्त "यार" म्हणाला आणि लॅपटॉपकडे वळला.

आई दर रविवारी विचारते. आधी इकडचं तिकडचं, भावाच्या घराचं, माझ्या स्टँपचं. मग आवाज जरा खाली आणून, "दिसलं का रे परत?"

नोव्हेंबरात मी तिला सांगितलं की थंडीत अस्वलं झोपतात. महिनोन् महिने, गुहेत, काही न खातापिता. हे अगदी खरं आहे. म्हणूनच बोलताना माझा आवाज जराही अडखळला नाही.

"झोपू दे," आई म्हणाली. "एसटीच्या डेपोतल्या रात्रपाळ्या करून जन्मभर झोप पुरली नाही त्यांना. कोणी उठवू नका म्हणावं."

हिवाळाभर हे पुरलं. रविवारी ती विचारायची, झोपलंय का? मी म्हणायचो, झोपलंय. ती म्हणायची, बरं. फोन ठेवल्यावर मी बाल्कनीत जाऊन उभा राहायचो. समोरच्या पार्किंगमध्ये कचऱ्याच्या डब्यावर कावळे बसलेले असायचे, कोणाचंही काहीही खात.

परवा भावाने तिला फोनवर शोधून सांगितलं की तिकडची अस्वलं एप्रिलात उठतात. कालच्या रविवारी आईने दुसरं काही विचारलंच नाही. ह्या पितृपक्षात त्याच जागी जायचं, खीर जास्त करायची, आणि दगडावर नको, चांगला पाट मांडायचा, हे तिचं सगळं ठरलंय.

"आणि हे बघ," ती म्हणाली, "उठलं की आधी मला कळव."

"कळवतो," मी म्हणालो.